यादीत नाव नव्हतं: प्रमोशन हुकल्यावर काय करायचं

मेल बहुधा दुपारी येते. "पुढील सहकाऱ्यांचं मनःपूर्वक अभिनंदन" अशी सुरुवात आणि खाली नावांची यादी. ती आपण वरून खाली वाचतो, मग खालून वर वाचतो, आणि शेवटी आपलंच आडनाव टाइप करून सर्चसुद्धा मारतो. तोवर टीमच्या ग्रुपवर फुलं-फटाके सुरू झालेले असतात आणि आपल्यालाही एक हसरा चेहरा टाकावा लागतो.

माझ्या वेळच्या यादीत माझ्यानंतर दीड वर्षाने आलेल्या एका मुलाचं नाव होतं. गिट या कोड सांभाळण्याच्या साधनात रिबेस कसं करायचं हे त्याला मीच शिकवलं होतं. त्या रात्री मी जुना रेझ्युमे उघडला, त्यात शेवटची नोकरी घातली आणि दिसेल त्या जागेला अर्ज ठोकत सुटले. पहाटेपर्यंत चाळीसेक झाले असतील. एकाचंही उत्तर आलं नाही. आज तो रेझ्युमे पाहिला की वाटतं, त्या लोकांचं काहीच चुकलं नाही.

आयटीत ज्यांच्यावर ही वेळ पहिल्यांदाच आली आहे, त्यांच्यासाठी पुढचं सगळं लिहिते आहे. दोन ते सहा वर्षांचा अनुभव असेल तर जास्त उपयोगी पडेल. पायऱ्यांचा क्रम शक्यतो मोडू नका. मी थेट सातवी पायरी गाठली होती आणि पुन्हा खाली उतरून यायला मला चार महिने लागले.

## १. पहिला आठवडा हात आवरा

ज्याला मिळालं त्याचं अभिनंदन करा, आणि तोंडदेखलं करू नका. निर्णय त्याने घेतलेला नसतो. शिवाय दोन वर्षांनी तो कुठे असेल आणि तुम्ही कुठे असाल, सांगता येत नाही.

मॅनेजरला लांबलचक मेल लिहावीशी वाटेल. लिहा, पण "टू"चा रकाना रिकामा ठेवून लिहा आणि सकाळी वाचून खोडा. ऑफिसच्या चॅटवर मित्रापाशी मन मोकळं करू नका. ते चॅट कंपनीच्या मालकीचं असतं आणि खासगी वाटणारे निरोपसुद्धा गरज पडल्यास काढून वाचता येतात. लिंक्डइनवर "काम शोधतोय" असा हिरवा पट्टाही लगेच लावू नका. पट्टा न लावता फक्त रिक्रूटरना कळावं अशीही सोय आहे आणि तुमच्याच कंपनीच्या रिक्रूटरपासून ते लपवण्याचा प्रयत्न लिंक्डइन करतं. मात्र संपूर्ण गुप्ततेची हमी देत नाही, हे तेच सांगतात.

आणखी एक. रागाच्या भरात ऑफिसचा कोड, डिझाइनची कागदपत्रं, ग्राहकांच्या याद्या स्वतःच्या ड्राइव्हवर टाकू नका. "माझंच तर काम आहे" हा बचाव चालत नाही. प्रमोशन हुकलेल्या माणसाची नोकरीच जाते, ती अशा वेळी.

## २. निर्णय कसा होतो हे समजून घ्या

शाळेची सवय अशी की चांगला पेपर लिहिला की चांगले मार्क. ऑफिसात पेपर तुम्ही लिहिता, पण तपासणाऱ्यांपैकी बहुतेकांनी तो पाहिलेलाच नसतो. मोठ्या कंपन्यांत याला कॅलिब्रेशन म्हणतात. आठ-दहा मॅनेजर एका खोलीत किंवा एका कॉलवर बसतात, प्रत्येकाकडे आपापली नावं असतात आणि जागा नावांपेक्षा कमी असतात. तुमच्या वाट्याला त्यातली काही मिनिटं येतात. तुमचा मॅनेजर दोन-तीन वाक्यं बोलतो, कोणीतरी एखादा आडवा प्रश्न विचारतं, त्याचं उत्तर मिळतं किंवा मिळत नाही, की पुढचं नाव.

म्हणजे निकाल लागतो तो त्या दोन-तीन वाक्यांवर, आणि ती बोलली जातात तेव्हा तुम्ही तिथे नसता. हा लेख वाचून एवढीच गोष्ट लक्षात राहिली तरी पुष्कळ आहे, कारण पुढे नोकरी शोधताना ती परत परत समोर येईल.

जागा कमी का असतात? पैसा हे एक कारण. दुसरं म्हणजे बेल कर्व्हची जुनी खोड. माणसांना ठरावीक टक्क्यांत वाटायची ही पद्धत १९८०च्या दशकात जनरल इलेक्ट्रिकमध्ये जॅक वेल्च यांनी रुजवली: वरचे २० टक्के, मधले ७० आणि खालचे १०. पुढे अनेकांनी तिची नक्कल केली. मायक्रोसॉफ्टने नोव्हेंबर २०१३ मध्ये ती बंद केली. कागदोपत्री बंद झाली तरी "या लेव्हलला यंदा इतकेच" हा हिशेब बऱ्याच ठिकाणी चालूच असतो.

लेव्हल म्हणजे काय, हेही नव्या माणसाला कोणी नीट सांगत नाही. ढोबळमानाने असं धरा: ज्युनिअरला काम दिलं जातं, मधल्या फळीतल्याला प्रश्न दिला जातो, आणि सीनिअरने प्रश्न स्वतः शोधून आणायचा असतो. त्याच्याही वरचा माणूस तीन-चार टीमना एकच प्रश्न छळतोय हे ओळखतो आणि सगळ्यांना एका दिशेला लावतो. त्यामुळे दिलेली तिकिटं (नोंदवलेली छोटी कामं) दुप्पट वेगाने बंद केलीत तर तुम्ही त्याच लेव्हलचे फार चांगले कर्मचारी ठरता. पुढची लेव्हल त्यातून सिद्ध होत नाही. बहुतेक कंपन्या आधी वरच्या लेव्हलचं काम करून घेतात आणि नाव नंतर देतात. हा न्याय आहे का, यावर भांडता येईल. नियम तसा आहे.

तुमच्या कंपनीत करिअर लॅडरचं (कोणत्या लेव्हलला काय अपेक्षित ते सांगणारं) कागदपत्र असेल तर ते आजच वाचा. नसेल तर गिटलॅबचं हँडबुक आणि ड्रॉपबॉक्सचा इंजिनिअरिंग करिअर फ्रेमवर्क दोन्ही जगजाहीर आहेत. ते वाचून स्वतःला कुठे बसवता येतं ते पाहा.

"मी टीममधला सर्वांत चांगला कोडर आहे, मग लीड मी का नाही?" हा प्रश्न मनात असेल तर थोडं थांबा. ॲलन बेन्सन, डॅनिएल ली आणि केली शू या संशोधकांनी २०१९ मध्ये विक्री क्षेत्रातल्या बढत्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. कंपन्या सर्वाधिक विक्री करणाऱ्यांनाच मॅनेजर करत होत्या, आणि आधीची विक्री जितकी जास्त तितकी मॅनेजर म्हणून कामगिरी कमी पडत होती. लीड होणं हे वेगळं काम आहे. ते तुम्हाला खरंच हवंय का, की फक्त पगार आणि मान हवाय? दुसरं उत्तर असेल तर त्यात लाजण्यासारखं काही नाही. माणसं न सांभाळता वर जाण्याची तांत्रिक वाट अनेक कंपन्यांत असते, ती शोधा.

## ३. मॅनेजरशी बोलणं

आठवडा झाला की वन-ऑन-वनमध्ये (तुमच्या दोघांच्याच बैठकीत) अर्धा तास याच विषयासाठी मागून घ्या. विषय आधी सांगा, म्हणजे त्यालाही तयारी करता येईल. दुसऱ्याचं नाव काढायचं नाही. "त्याला का आणि मला का नाही" असं विचारलंत की मॅनेजरचा वेळ त्या मुलाचा बचाव करण्यात जातो आणि तुमच्याबद्दल बोलायचं राहून जातं.

विचारा असं:

"चर्चेत माझं नाव निघालं तेव्हा माझ्याबद्दल नेमकं काय बोललं गेलं?"

"कोणी हरकत घेतली असेल तर ती कशावर होती?"

"माझ्याकडे आणखी कोणतं एक उदाहरण असतं, तर तुला माझी बाजू मांडणं सोपं गेलं असतं?"

यातला तिसरा प्रश्न माझा लाडका. मॅनेजर आरोपीच्या पिंजऱ्यातून वकिलाच्या खुर्चीत येतो, आणि बहुतेकांना ती खुर्ची आवडते.

माझा मॅनेजर आधी म्हणाला, "सगळं उत्तम आहे गं, फक्त व्हिजिबिलिटी थोडी कमी पडली." मी विचारलं, मग तू काय सांगितलंस माझ्याबद्दल? तो जरा आठवून म्हणाला, "हेच, की तू खूप मेहनती आहेस." त्याने हे कौतुकानेच सांगितलं होतं. त्या मुलाबद्दल काय बोललं गेलं ते मला बऱ्याच दिवसांनी कळलं: "पेमेंटचे रिट्राय (फसलेलं पेमेंट पुन्हा करून पाहणारा भाग) त्याने नव्याने लिहिले, तेव्हापासून रात्री कोणाला उठावं लागलेलं नाही." त्याच तिमाहीत मी डेटाबेसचं एक मोठं मायग्रेशन (नव्या आवृत्तीवर नेण्याचं काम) एकही मिनिट सेवा बंद न ठेवता पार पाडलं होतं. काही बिघडलं नाही, म्हणून ते कोणाच्या लक्षातही राहिलं नाही. आणि मीही कोणाला सांगितलं नव्हतं.

मिळालेल्या उत्तरांचा अर्थ लावायला शिका. "दोन टीमना जोडणारं काम तुझ्या नावावर नाही" हे ठोस उत्तर. कडू वाटलं तरी कामाचं. "यंदा बजेटच नव्हतं" हे खरं असू शकतं. मग विचारा की बजेट असतं तर मी यादीत होते का. "थोडा धीर धर, पुढच्या वेळी नक्की" या वाक्यात काहीच नसतं. "व्हिजिबिलिटी", "मॅच्युरिटी", "ओनरशिप" हे शब्द आले की एकच उदाहरण मागा. उदाहरण मिळालं नाही तर मॅनेजरलाही कारण ठाऊक नाही, किंवा त्याला ते सांगायचं नाही.

बैठक संपली की त्याच दिवशी चार ओळींची मेल टाका: आपलं हे बोलणं झालं, मी हे-हे करणार, तू हे काम मला देणार, अमुक महिन्यात पुन्हा पाहू. काही चुकलं असेल तर दुरुस्त कर. या मेलवर दुरुस्ती आली तर समजा माणूस गंभीर आहे. नुसता अंगठा आला, तर तीही माहितीच. आणखी एक फायदा असा की मॅनेजर मध्येच बदलला (आयटीत तो बदलतोच), तर नव्या माणसासमोर तुमची पाटी कोरी राहत नाही.

## ४. न दिसणारी कामं मोजा

नव्या मुलांना बसतं करणं, बैठकीची टिपणं, जुनी डॉक्युमेंट्स दुरुस्त करणं, दोन टीममधले रुसवे काढणं. ही कामं झाली नाहीत तर प्रोजेक्ट अडतो आणि झाली तर कोणी विचारत नाही. इंजिनिअर टान्या रायली यांनी अशा कामाला "ग्लू वर्क" म्हटलं, म्हणजे सगळ्यांना चिकटवून ठेवणारा डिंक. अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ लिंडा बॅबकॉक आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, बढतीला उपयोगी न पडणाऱ्या कामासाठी बायका पुरुषांपेक्षा जवळपास दीडपट वेळा पुढे आल्या. शिवाय अशी कामं सांगितलीही त्यांनाच जास्त गेली. मला हे वाचून धक्का वगैरे बसला नाही. बैठकीत "नोट्स कोण घेतंय?" असं विचारलं की कोणाकडे पाहिलं जातं, ते माहीत आहे.

उपाय दोन. ती कामं नावानिशी मोजली जातील असं पाहा ("नव्या माणसाचं पहिलं रिलीज तीन आठवड्यांवरून एका आठवड्यावर आलं" हे मोजता येतं), किंवा पाळी लावा. सगळीच झटकू नका, त्यातली काही खरोखर सीनिअरचीच कामं असतात.

## ५. थांबायचं की निघायचं

इथे तारीख ठरवा. मनातल्या मनात नको, कॅलेंडरवर. माझं मत एक सायकल, म्हणजे प्रमोशनची पुढची एक फेरी, फार तर. ठोस कारण मिळालंय, ते लेखी आहे आणि ती उणीव भरून काढणारं काम खरोखर तुमच्या हातात आलंय, तर एक सायकल थांबणं फायद्याचं असतं. तीन महिने गेले आणि ते काम आलंच नाही, तर पुढच्या यादीची वाट कशाला पाहायची?

निघण्याची इतर कारणं: प्रॉडक्ट नुसत्या देखभालीवर ठेवलंय, शिकण्यासारखं काही उरलं नाही, तुमची बाजू मांडणारा मॅनेजर स्वतःच निघालाय. दुसरी नोकरी हातात नसताना राजीनामा देऊ नका. तब्येत बिघडत असेल किंवा छळ होत असेल, तर हा नियम मोडा.

आणि निघायचं ठरलं तरी तिसऱ्या पायरीवर मिळालेलं उत्तर सोबत घ्या. मला माझं काम सांगता येत नव्हतं, हा दोष कंपनी बदलून जाणार नव्हता. मुलाखतीत तर सांगण्यापलीकडे दुसरं काही नसतंच.

## ६. रेझ्युमेच्या आधी एक वही

रेझ्युमे उघडू नका. कोरी फाइल उघडा आणि गेल्या दोन वर्षांचं काम उकरून काढा. आठवणीवर विसंबू नका, ती शेवटच्या दोन महिन्यांचंच सांगते. बंद केलेली तिकिटं, जुने कमिट (कोडमधल्या बदलांच्या नोंदी), प्रॉडक्शन (ग्राहक वापरतात ती चालू सिस्टिम) पडल्यानंतर लिहिलेले अहवाल, कोणी "थँक्स" म्हणून पाठवलेल्या मेल चाळा. नोंदी स्वतःच्या शब्दांत करा; गोपनीय नावं-आकडे टाळा.

प्रत्येक कामाबद्दल लिहा: अडचण काय होती, मी काय केलं, दुसरा कोणता मार्ग होता आणि तो का सोडला, शेवटी काय बदललं. दुसरा मार्ग का सोडला, हे बहुतेक जण लिहीत नाहीत, आणि मुलाखतीत नेमकं तेच विचारतात.

माझ्या जुन्या रेझ्युमेत एक ओळ होती: "डेटाबेस मायग्रेशनच्या कामात सहभाग." सहभाग! जणू मी तिथे खुर्च्या लावत होते. तीच ओळ नंतर अशी झाली: "ऑर्डरचा मुख्य डेटाबेस सेवा न थांबवता नव्या आवृत्तीवर नेला, दोन्हीकडे एकाच वेळी लिहून आणि रोज ताळा करून जोखीम कमी केली." काम तेच होतं.

आकडे असतील तर घाला, नसतील तर बनवू नका. मुलाखतीत "हे ४० टक्के कसे मोजलेत?" असं हमखास विचारतात. नेमका आकडा ठाऊक नसेल तर आधी-नंतरचा फरक सांगा: आधी रिलीजला रात्र जागावी लागायची, आता दुपारी होतं.

## ७. रेझ्युमे

अनुभव दहा वर्षांपेक्षा कमी असेल तर एक पान, फार तर दोन. एकच रकाना, साधा फाँट, फोटो नाही, कौशल्यांचे पाच तारे नाहीत. वर्कडे, ग्रीनहाउस, लिव्हर यांसारख्या अर्ज-प्रणालींबद्दल बऱ्याच दंतकथा आहेत. प्रत्यक्षात त्या मुख्यतः अर्ज साठवणाऱ्या आणि शोधू देणाऱ्या पेट्या असतात. अर्ज आपोआप बाद होतो तो बहुधा फॉर्ममधल्या सरळ प्रश्नांवर, जसं की काम करण्याचा परवाना आहे का, अनुभव किती वर्षांचा. बाकी माणूसच शब्द टाकून शोधतो. म्हणून जाहिरातीत जो शब्द आहे आणि तुम्हाला खरंच येतो, तो तसाच लिहा. पीडीएफमधला मजकूर कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवून बघा. ओळी उलट्यासुलट्या झाल्या तर प्रणालीलाही तसंच दिसणार.

ज्यावर दहा मिनिटं बोलता येत नाही ते कौशल्यांत लिहू नका. पद फुगवू नका. पार्श्वभूमी तपासणीत ते सापडतं आणि हातात आलेली ऑफर जाते.

## ८. शोधायचं कुठे

पहिल्या रात्रीचे माझे चाळीस अर्ज वाया गेले, कारण त्या चाळीस ठिकाणी मला ओळखणारं कोणीच नव्हतं. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात, ओळखीतून नोकरी मिळालेल्यांना विचारलं होतं की ज्याने कळवलं तो माणूस त्या काळात किती वेळा भेटायचा. वारंवार भेटणारे होते १६.७ टक्के. ५५.६ टक्के अधूनमधून भेटणारे आणि २७.८ टक्के क्वचितच भेटणारे. २०२२ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात लिंक्डइनच्या सुमारे दोन कोटी सदस्यांवरच्या पाच वर्षांच्या प्रयोगांचा अभ्यास आला. त्यातही घट्ट मैत्रीपेक्षा मध्यम सैल ओळखीच जास्त उपयोगी ठरल्या. कारण साधं आहे. जवळच्या मित्राला जे माहीत असतं ते तुम्हालाही असतंच.

तेव्हा यादी करा: आधीच्या टीममधून गेलेले, ज्यांचा कोड रिव्ह्यू केलात ते, एखाद्या रात्री प्रॉडक्शन पडल्यावर कॉलवर सोबत जागलेले. निरोप छोटा ठेवा:

"नमस्कार, आपण २०२१ मध्ये बिलिंगच्या प्रोजेक्टवर एकत्र होतो. तुमच्याकडची ही जागा पाहिली, लिंक देतेय. मला योग्य वाटते. रेफर करणं जमेल का? तुम्हाला सोपं जावं म्हणून माझ्या कामाबद्दल दोन ओळी खाली देतेय. नाही जमलं तरी काही हरकत नाही."

त्या दोन ओळी विसरू नका. रेफर करणाऱ्याला, म्हणजे कंपनीत तुमचं नाव सुचवणाऱ्याला, फॉर्ममध्ये "या उमेदवाराबद्दल लिहा" असा रकाना भरायचा असतो. तुम्ही ओळी दिल्या नाहीत तर तोही "मेहनती आहे" असंच लिहील.

ओळख नसलेल्या ठिकाणीही अर्ज करा, पण मोजके, आणि जागा निघाल्या-निघाल्या.

फसवणुकीबद्दल दोन शब्द. नोकरीसाठी पैसे मागणारा मालक नसतो, ठग असतो, मग तो त्याला प्रशिक्षण म्हणो की डिपॉझिट. दुसरा प्रकार खास आपल्या धंद्यातला आहे. खोटा रिक्रूटर "असाइनमेंट" म्हणून एक रिपॉझिटरी (कोडचं गाठोडं) पाठवतो, तुम्ही ती चालवता आणि मशीनमध्ये मालवेअर शिरतं. पालो आल्टो नेटवर्क्सच्या संशोधकांनी नोव्हेंबर २०२३ मध्ये असा एक पद्धतशीर प्रकार उघड केला आणि त्याचे धागे उत्तर कोरियाशी जोडले. अनोळखी कोड वेगळ्या व्हर्च्युअल मशीनमध्ये चालवा. ऑफिसच्या लॅपटॉपवर तर कधीच नाही. खरं तर मुलाखतीचं काहीच त्या लॅपटॉपवर करू नका.

## ९. मुलाखती

स्वप्नातली कंपनी पहिली घेऊ नका. पहिल्या दोन-तीन मुलाखतींत जीभ सैल होते, गंज निघतो.

कोडिंगच्या फेरीसाठी पाचशे प्रश्न पाठ करण्यापेक्षा हॅशमॅप, टू पॉइंटर, बायनरी सर्च, ट्री आणि ग्राफवरून फिरणं हे साचे हाताखालून जाऊ द्या, आणि सोडवताना मोठ्याने बोला. गप्प बसून बरोबर उत्तर काढणाऱ्यापेक्षा बोलत-बोलत अडखळणारा बरा, कारण त्याला वाटेत मदत करता येते. दुसऱ्या स्क्रीनवर एआयचं उत्तर वाचू नका. डोळे कुठे फिरतायत ते समोरच्याला दिसतं. "बसमध्ये किती गोल्फचे चेंडू मावतील" छापाच्या कोड्यांची धास्ती सोडा. गूगलचे तेव्हाचे मनुष्यबळ प्रमुख लास्लो बॉक यांनीच २०१३ मध्ये जाहीरपणे सांगितलं होतं की अशा प्रश्नांतून काही कळत नाही.

सिस्टिम डिझाइनसाठी नवख्यांनी आधी स्वतःची सिस्टिम कागदावर काढावी: रिक्वेस्ट कुठून येते, कुठे अडते, काय पडलं तर काय होतं. स्वतःच्या सिस्टिमचं चित्र न काढता येणारे उमेदवार मी आता टेबलाच्या पलीकडून पुष्कळ पाहते.

अनुभवावरच्या प्रश्नांसाठी वहीतल्या पाच-सहा गोष्टी पुरतात. परिस्थिती थोडक्यात, मग तुमची कृती, मग परिणाम. "आम्ही केलं" असं सारखं म्हणू नका. एक गोष्ट फसलेल्या कामाचीही हवी, आणि ती खरी हवी. "मी फार परफेक्शनिस्ट आहे" हे आता कोणी ऐकून घेत नाही.

"नोकरी का सोडताय?" याचं उत्तर मी पहिल्या मुलाखतीत दहा मिनिटं दिलं. कोणाला मिळालं, कसं मिळालं, मी काय-काय केलं होतं. समोरच्या बाईंनी मध्येच पेन खाली ठेवलं. मला वाटलं, गुंगून ऐकतायत. आता मी सुचवते ते एवढंच: "गेली दीड वर्षं मी पूर्ण मॉड्यूल सांभाळतेय. पुढची जबाबदारी इथे लवकर मिळेल असं दिसत नाही, आणि तुमच्याकडच्या जागेत ती आहे." तीस सेकंद. यात खोटं काही नाही आणि तक्रारही नाही. प्रमोशन मागितलं होतं का, असं थेट विचारलं तर "हो, यंदा झालं नाही" म्हणा आणि पुढे चला.

तुमची पाळी आली की एक प्रश्न जरूर विचारा: "या टीममध्ये शेवटचं प्रमोशन कोणत्या कामासाठी झालं?" उत्तर पटकन आलं आणि त्यात एखादं काम असलं तर उत्तम. सगळे एकमेकांकडे पाहू लागले, तर तुम्हाला जे कळायचं ते कळलं.

## १०. ऑफर

पगाराआधी लेव्हल विचारा, तीही रिक्रूटरच्या पहिल्याच फोनवर. जिच्यासाठी इतकं सगळं केलं ती लेव्हल नव्या जागीही एक पायरी खालीच मिळाली, तर पगार वाढूनही दोन वर्षांनी तुम्ही पुन्हा तीच मेल वाचत बसाल. उलट कधीकधी मोठ्या, अवघड कंपनीतली खालची लेव्हल घेणं शहाणपणाचं ठरतं. मात्र ते ठरवून घ्या.

शेअर मिळणार असतील तर वेळापत्रक पाहा. बऱ्याच ठिकाणी ते चार वर्षांत विभागलेले असतात आणि पहिलं वर्ष पूर्ण होण्याआधी काहीच हातात येत नाही. बाजारात न उतरलेल्या कंपनीचे ऑप्शन (ठरलेल्या भावाने शेअर घेण्याचा हक्क) तूर्त कागद आहेत असंच धरा. घासाघीस एकदाच, कारणासकट आणि नम्रपणे करा. लेखी ऑफर हातात येईपर्यंत राजीनामा नाही, रिक्रूटर कितीही गोड बोलला तरी.

राजीनामा दिला की एखादे वेळी काउंटर ऑफर येईल, म्हणजे थांबावं म्हणून जुनीच कंपनी जास्त पैसे देऊ करेल. सहा महिने नसलेलं बजेट दोन दिवसांत सापडेल. मी ती घेऊ नका असंच सांगते. ते पैसे तुम्ही अडचणीच्या वेळी जाऊ नये म्हणून दिलेले असतात, आणि कॅलिब्रेशनच्या खोलीत तुमच्याबद्दल आता "जाणार होती, थांबवली" हे वाक्य बोललं जाईल.

नोटीस पीरियड कुठे दोन आठवड्यांचा, कुठे तीन महिन्यांचा. तो नीट काढा. हँडओव्हरचं डॉक्युमेंट असं लिहा की रात्री दोन वाजता अलर्ट आल्यावर अनोळखी माणसालाही ते वाचून काम करता यावं. पगारपत्रकं, अनुभवपत्र, कराची कागदपत्रं पोर्टल बंद होण्याआधी उतरवून घ्या. ज्यांच्याशी संपर्क ठेवायचा त्यांना स्वतःचा ईमेल द्या.

आणि लॅपटॉप-फोन परत करण्याआधी तुमच्या कुठल्या खात्याचे ओटीपी ऑफिसच्या फोनवरच्या ॲपमध्ये येतात का ते तपासा. माझ्या खासगी मेलचे येत होते. शेवटच्या दिवशी फोन जमा केला, संध्याकाळी मेल उघडेना. नव्या कंपनीची रुजू होण्याची कागदपत्रं त्याच मेलवर होती, आणि पुढचे तीन दिवस मी खातं परत मिळवायचे फॉर्म भरत होते.